स्मिथ मशीन : निवडावी कशी, वापरावी कशी

स्मिथ मशीन म्हणजे वजन उचलायच्या व्यायामाची मशीन. तिच्यातला रॉड दोन उभ्या दांड्यांवर बसवलेला असतो. तो वर जातो आणि खाली येतो, एवढंच. मोकळा रॉड उचलताना शरीर नकळत त्याला आपल्या सोयीच्या वाटेने नेतं. इथे वाट मशीनची असते, म्हणून शरीरालाच त्या वाटेवर नीट बसवावं लागतं. बेंच चार बोटं पुढे-मागे सरकलं की खांदा कुरकुरतो, पाऊल वीतभर पुढे पडलं की कंबर धरते. या मशीनबद्दलच्या बऱ्याच तक्रारी अशा चुकलेल्या जागेच्या असतात.

ही कल्पना अमेरिकेतले व्यायामतज्ज्ञ जॅक लालेन यांची, १९५० च्या दशकातली. रूडी स्मिथ यांनी ती सुधारून जिममध्ये आणली आणि नाव त्यांचंच चिकटलं.

विकत घेण्याआधी जागा मोजा

पूर्ण मापाचा रॉड साधारण २.१ ते २.२ मीटर लांब असतो. प्लेट, म्हणजे वजनाच्या चकत्या, चढवायला दोन्ही बाजूंना निदान अर्धा मीटर मोकळा हवा, म्हणजे रुंदी सव्वातीन मीटरच्या आसपास धरा. मशीनची खोली सव्वा-दीड मीटर असली तरी बेंच बाहेर येतं, म्हणून दोन मीटर सोडा. उंची २.१ ते २.३ मीटर. छत सहसा पुरतं, पण पंखा आणि माळा विसरले जातात. मशीनवरच पुल-अपची दांडी असेल तर डोक्यावर आणखी फूटभर जागा लागते.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर वजनाचाही विचार करा. राहत्या खोल्यांसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरलेला आहे. मशीन, प्लेट आणि माणूस मिळून ४०० किलो सहज होतात. मशीन खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, शक्यतो बीमजवळ ठेवा. खाली १८ मिमीचा प्लायवूड आणि त्यावर रबरी मॅट घातली की भार पसरतो आणि खालच्या घराला आवाजही कमी जातो. इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारा.

सरळ, तिरकी की थ्री-डी

सरळ मशीनचे दांडे जमिनीला काटकोनात असतात, तिरक्या मशीनचे साधारण ७ अंश कललेले. थ्री-डी प्रकारात रॉड पुढे-मागेही सरकतो. ती महाग असते आणि जागाही जास्त खाते. घरासाठी सरळ मशीन घ्यावी असं आमचं मत आहे. तिच्यात कोणत्या बाजूला तोंड करायचं हा प्रश्नच उरत नाही. तिरकी मशीन छातीच्या व्यायामाला छान, पण त्यात डोकं अशा बाजूला हवं की रॉड वर जाताना चेहऱ्याकडे सरकेल. उलटं झोपलात तर रॉड वर जाताना पोटाकडे पळतो आणि खांद्यांची ओढाताण होते. स्क्वॉटसाठी, म्हणजे रॉड खांद्यांवर घेऊन मारायच्या बैठकांसाठी, रिकाम्या रॉडने दोन्ही बाजूंना तोंड करून पाहा. ज्या बाजूला टाचा उचलल्या जात नाहीत आणि गुडघ्यावर दाब जाणवत नाही, ती आपली.

दुकानात हाताने काय तपासायचं

रंग आणि स्टिकर बाजूला ठेवा, सगळा खेळ रॉडच्या सरकण्यात आहे. दांड्यांवर गोळ्यांवर सरकणारं लिनिअर बेअरिंग आहे की नायलॉनचा बुश, म्हणजे नुसती नळी, हे विचारा. बेअरिंग हलकं चालतं. बुश स्वस्त असतो, पण झिजला की रॉड खडखडायला लागतो. मग रॉडचं फक्त एक टोक धरून वर उचला. चांगल्या मशीनमध्ये दुसरं टोकही सोबत येतं. रॉड मध्येच अडकला, खरखरला किंवा डुगडुगला तर ती मशीन नको.

रॉडचे हुक अडकवायच्या खुंट्यांमधलं अंतर जितकं कमी तितकं चांगलं. रॉडला ठरावीक उंचीच्या खाली येऊ न देणारे अडथळे, म्हणजे सेफ्टी स्टॉप, दोन्ही बाजूंना हवेत आणि ते पिनने घट्ट बसायला हवेत. नुसते घर्षणावर टिकणारे स्टॉप घेऊ नका. शेवटी रॉडच्या टोकाची जाडी मोजा. ऑलिम्पिक प्लेटचं भोक ५० मिमीच्या रॉडसाठी असतं, तर साध्या लोखंडी प्लेटचं त्याहून बरंच लहान. घरी आधीच प्लेट असतील तर एक सोबत घेऊन जा.

रिकाम्या रॉडचं खरं वजन

ऑलिम्पिक रॉड २० किलोचा असतो. स्मिथ मशीनमध्ये मात्र रॉड हलका करायला वायरने जोडलेल्या आतल्या प्रतिभारामुळे हातात येणारं वजन कुठे ७ किलो, कुठे १५, कुठे २० असतं. एका जिममधला आकडा दुसऱ्या जिममध्ये लागू पडत नाही.

मोजायला प्रवासी बॅगेचा लटकता वजनकाटा पुरतो. रॉडच्या मधोमध पट्टा बांधून काटा अडकवा, हुक सोडवा आणि रॉड सावकाश, एकाच वेगाने वर न्या, आकडा लिहा. मग तसाच सावकाश खाली आणा. दुसरा आकडा लिहा. वर जाताना घर्षण वजनात मिळतं, खाली येताना वजा होतं. वर १३ आणि खाली ९ आले तर रॉड ११ किलोचा आणि घर्षण २ किलोचं. हे घर्षण काही महिन्यांनी वाढलेलं दिसलं तर दांडे साफ करायची वेळ झाली.

जोडणी

सगळे बोल्ट आधी हाताने सैल बसवा. पाणसळ लावून तळ समतल करा, तिरकं असेल तिथे पत्र्याची चकती घाला. मग दोन्ही कर्ण टेपने मोजा. ते सारखे नसतील तर चौकट वाकडी आहे आणि रॉड कुठेतरी नक्की घासणार. आता रॉड तळापासून टोकापर्यंत चार-पाच वेळा फिरवा आणि मगच बोल्ट आवळा, कारण रॉडच्या फिरण्याने दांडे आपोआप समांतर येतात. आधी आवळून नंतर रॉड बसवायला गेलात तर तो अडकतो आणि दोष कारखान्याला जातो. दोन आठवडे वापर झाला की सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा.

पहिला धडा हुकचा

वजन न लावता हुक सोडवणं आणि अडकवणं दहा-पंधरा वेळा करा. मनगट फिरवलं की रॉड फिरतो आणि हुक खुंटीतून सुटतो. हीच हालचाल उलटी केली की जवळच्या खुंटीवर हुक अडकतो, मधल्या कुठल्याही उंचीवर. दमल्यावर, घाबरल्यावर हात आपोआप तसा फिरायला हवा.

दोन चुका नेहमी होतात. एक, एका बाजूचा हुक अडकतो, दुसरा खुंटीच्या टोकाला टेकून राहतो. हात काढला की ती बाजू खाली येते. म्हणून सोडण्याआधी दोन्हीकडे नजर टाका. दुसरी, हुक सोडवताना वाकलेलं मनगट पूर्ण सेट तसंच वाकलेलं राहतं. हुक सुटताच मनगट सरळ करा, रॉड तळहाताच्या गादीवर घ्या, अंगठा रॉडभोवती गुंडाळलेला ठेवा.

स्क्वॉट

१. रॉड काखेच्या उंचीला अडकवा. खाली शिरताना गुडघे थोडे वाकायला हवेत. टाचा उचलून हुक सोडवावा लागत असेल तर एक खुंटी खाली या.

२. रॉड मानेच्या हाडावर ठेवू नका. खांद्यांची पाती जवळ आणली की मागे मांसाची गादी तयार होते, रॉड तिच्यावर ठेवा.

३. पावलं खांद्याइतकी रुंद, रॉडच्या सरळ खाली किंवा फार तर अर्धं पाऊल पुढे.

४. रिकाम्या रॉडने तळापर्यंत बसा, कुणाला तरी उंची पाहायला सांगा आणि सेफ्टी स्टॉप त्याच्या ३ ते ५ सेंमी खाली लावा.

५. मगच प्लेट चढवा. दोन्ही बाजूंना सारख्या, कॉलरसकट, म्हणजे प्लेट सरकू न देणाऱ्या कड्यांसकट.

तिसरी पायरी सगळ्यात जास्त चुकते. पाठ टेकता येते म्हणून लोक पाय फूटभर पुढे टाकतात आणि रॉडवर रेलतात. मोकळ्या रॉडने असं केलं तर माणूस मागे पडेल. इथे दांडे त्याला धरून ठेवतात, त्यामुळे चूक लक्षातच येत नाही. मग तळाशी माकडहाड आत वळतं, कंबर गोल होते आणि सगळा भार कमरेच्या मणक्यांवर येतो. मोबाइलवर बाजूने चित्रीकरण करा. कंबर जिथे गोल व्हायला लागते त्याच्या जरा वरच थांबा.

बेंच प्रेस

मोकळा रॉड छातीच्या खालच्या भागावरून निघून खांद्यांच्या वर थांबतो, म्हणजे त्याची वाट वक्र असते. मशीनमध्ये ती सरळ असल्याने बेंच कुठे ठेवता यालाच महत्त्व आहे. आडवं व्हा, रिकामा रॉड खाली आणा. तो स्तनाग्रांच्या रेषेवर किंवा किंचित खाली टेकला पाहिजे आणि बाजूने पाहिल्यास मनगट कोपराच्या सरळ वर दिसलं पाहिजे. कोपरं धडापासून ४५ ते ७० अंशांवर. काटकोनात पसरलीत तर खांद्याच्या पुढच्या बाजूला कळ येते. जागा जमली की बेंचच्या पायांशी जमिनीवर टेप चिकटवा, पुढच्या वेळची पाच मिनिटं वाचतात.

सेफ्टी स्टॉप असा लावा की पाठीला कमान असताना रॉड छातीला टेकेल आणि कमान सोडली की स्टॉपवर बसेल. खाचा दूर-दूर असल्याने तसं जमत नसेल तर रॉड छातीच्या दोन-तीन सेंमी वरच थांबू द्या. तेवढी खोली गेली तरी चालेल, एकट्याने व्यायाम करताना स्टॉपशिवाय झोपू नये.

बाकीचे व्यायाम

एक पाय पुढे टाकून केलेला स्प्लिट स्क्वॉट इथे मोकळ्या रॉडपेक्षा बरा, कारण तोल सांभाळण्यात ताकद जात नाही. कंबर वर ढकलायचा हिप थ्रस्ट, पोटऱ्यांसाठी काफ रेज, बसून शोल्डर प्रेस हेही चांगले. रॉड कमरेइतक्या उंचीवर अडकवून खाली लटकत शरीर ओढलंत तर पाठीचा उत्तम व्यायाम होतो आणि प्लेट लागतच नाहीत. क्लीन, स्नॅच यांसारखे झटक्याचे प्रकार मात्र या मशीनवर करू नका.

मशीन तोल सांभाळते, त्यामुळे आधाराच्या स्नायूंना काम कमी पडतं. कॅनडातल्या सस्कॅचवान विद्यापीठातल्या संशोधकांच्या २००९ च्या अभ्यासात मोकळ्या रॉडच्या स्क्वॉटमध्ये स्नायूंची विद्युत सक्रियता सरासरी ४३ टक्के जास्त आढळली. सहभागी सहाच होते, म्हणून त्या आकड्याला फार कवटाळू नये. तरी आठवड्यातून एकदा डंबेलने किंवा मोकळ्या रॉडने स्क्वॉट करत राहा.

किती आणि कसं वाढवायचं

आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येक व्यायामाचे ३ सेट, सेटमध्ये ८ ते १२ रेप (आवर्तनं), मध्ये दोन मिनिटं विश्रांती. सेट थांबवताना अजून दोन रेप निघाले असते असं वाटायला हवं. तिन्ही सेटमध्ये १२ रेप नीट निघाले की दोन्ही बाजूंना १.२५ किलो वाढवा. श्वास रोखून धरू नका. वर ढकलताना सोडा. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा मणक्याचा त्रास असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

देखभाल

कोकणपट्टी, मुंबई, गोवा इथल्या दमट हवेत क्रोमचे दांडे पावसाळ्यात लवकर ठिपके धरतात. दर आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसा. बुश असेल तर सिलिकॉन स्प्रे, बेअरिंग असेल तर पातळ मशीन ऑइल, तेही फडक्याला लावून. घट्ट ग्रीस लावू नका. त्यात धूळ बसते आणि तीच पुढे दांडे घासते. प्रतिभाराची वायर दर महिन्याला बोटांत फडकं धरून चाचपा. एक जरी तार टोचली तरी त्या दिवशी रॉड खालच्या स्टॉपवर ठेवा आणि वायर बदलेपर्यंत मशीन बंद.