किनाऱ्यावरच्या गावात स्त्रीवादी ज्ञानविचाराची बैठक कशी घ्यावी

या बैठकीत बायका आपल्या अनुभवातून, कोणाचे जाणणे ‘ज्ञान’ मानले जाते आणि कोणाचे नाही, हे तपासतात. बैठकीची वेळ पंचांग पाहून ठरवावी, कारण भरती-ओहोटी तिथीप्रमाणे सरकते. सुकतीला (ओहोटीला) कालवे, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढणाऱ्या बायका खडपावर (किनाऱ्याच्या खडकांवर) असतात, आणि त्या नसतील तर बैठकीचा नुसता वाचनवर्ग होतो. आठ-दहा जणी पुरेत. पडवीत गोल बसावे.

अशा बैठकीची रीत, म्हणजे जाणीवजागृती, १९६८ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील जहाल स्त्रीवादी गटांनी घडवली आणि त्यांतल्याच कॅथी साराचाइल्ड यांनी तिचा आराखडा मांडला. स्त्रियांविषयी पुस्तकांत लिहिलेले आधीच मान्य न करता प्रत्येकीने आपला अनुभव सांगायचा आणि तो इतरींच्या अनुभवाशेजारी ठेवून सिद्धान्त पारखायचा, हा तिचा गाभा. अमेरिकन कायदेतज्ज्ञ कॅथरीन मॅकिनन यांनी पुढे हीच स्त्रीवादाची ज्ञानपद्धती मानली. तटस्थ म्हणून मिरवणारी दृष्टी प्रत्यक्षात सत्ता हाती असलेल्या पुरुषांची असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

‘पितृसत्ता म्हणजे काय’ असे विचारू नये. सगळ्या गप्प होतात. त्याऐवजी ‘उद्या खडपावर कधी जायचे, हे कसे ठरवता?’ असे विचारावे. कोणीतरी हमखास म्हणते, “माका काय कळता? मी आपली घोवाक (नवऱ्याला) मदत करतंय.” आणि तीच बाई लगेच बोटांवर मोजते: उद्या चवथ, म्हणजे चौथी तिथी, चारचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि नवाच्या सुमारास सुकती. इथेच थांबावे. तिने केले ते गणित आणि तिने त्याला दिलेले ‘मदत’ हे नाव, दोन्ही फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावीत आणि हे नाव कोणी दिले, ते सगळ्यांना विचारावे. या क्षणी भाषण ठोकण्याचा मोह होतो (मला तर दर वेळी होतो), तो आवरावा.

अनुभव सांगितला म्हणजे तो आपोआप खरा ठरला, असे मात्र मानू नये. खाडीच्या आतल्या गावची बाई म्हणेल की आमच्याकडे पाणी उशिरा चढते, आणि तिचेही बरोबर असते, कारण तो पाऊणपटीचा हिशेब उघड्या किनाऱ्याचा आहे. हा खोडा म्हणजे बैठक फसल्याची खूण नव्हे. सांगणारी कुठे उभी आहे, हे ज्ञानाचाच भाग असल्याचे इथे कळते.

टिपणात नावे परवानगीशिवाय घालू नयेत.

शेवटी कोण आले नाही, ते पाहावे. ‘स्त्री’ म्हणून एकच आवाज धरला की जात झाकली जाते, हे समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीवादी भूमिका मांडताना दाखवले. होडी असलेल्या घरातल्या बायका पडवीवर येतात. त्यांच्याकडे रोजाने मासळी निवडणाऱ्या बहुधा अंगणातच थांबतात. पुढची बैठक त्यांच्या वाडीत, त्यांना मोकळीक असेल त्या वेळी घ्यावी, आणि पहिला प्रश्नही त्यांनाच ठरवू द्यावा.