प्रोव्हायडर रचण्याआधीची तयारी

रिअॅक्टच्या अॅपमध्ये मुळाशी सात-आठ प्रोव्हायडर (आपल्या आतल्या सगळ्या कंपोनंटना, म्हणजे पानाच्या भागांना, सामायिक माहिती पुरवणारे कंपोनंट) एकात एक बसवायचे असतील, तर आधी कागद घ्या. प्रत्येक प्रोव्हायडरचं नाव लिहा आणि त्यापुढे तो स्वतः कोणाकडून काय वाचतो, एवढंच लिहा. कोण आत आणि कोण बाहेर, हे यावरूनच ठरतं. लॉगिनचा प्रोव्हायडर वापरकर्त्याची माहिती क्वेरी क्लायंटमार्फत (सर्व्हरवरची माहिती आणून साठवून ठेवणाऱ्या भागामार्फत) आणत असेल, तर क्वेरी क्लायंट त्याच्या बाहेर हवा. लॉगिन झाल्यावर त्यालाच पान बदलायचं असेल, तर पानं बदलणारा राउटरही बाहेर. थीम कोणाचंच काही वाचत नसेल आणि दुसरा कुठला प्रोव्हायडरही तिचं वाचत नसेल, तर ती कुठेही चालेल, तिच्यावर वेळ घालवू नका.

कागदावर एखादं वर्तुळ दिसतंय का, ते मात्र नीट शोधा. नेहमी सापडणारं वर्तुळ असं : सत्र संपल्याची सूचना दाखवायला लॉगिनला सूचनांचा प्रोव्हायडर हवा, सूचनेचा मजकूर योग्य भाषेत यायला सूचनांना भाषेचा हवा, आणि वापरकर्त्याची आवडती भाषा कळायला भाषेला लॉगिन हवं. क्रम कितीही उलटासुलटा केला तरी हे सुटत नाही, कारण चूक जबाबदारीच्या वाटणीत आहे. भाषेच्या प्रोव्हायडरला सुरुवातीची भाषा ब्राउझरकडून घेऊ द्या, भाषा बदलण्याचं फंक्शन त्याने पुरवावं, आणि लॉगिनने माहिती आली की ते बोलवावं. मग भाषा, तिच्या आत सूचना, त्यांच्या आत लॉगिन असा सरळ क्रम लागतो. तो का लागला, हे कोडमध्येच दोन ओळींच्या कॉमेंटमध्ये लिहून ठेवा. सगळे प्रोव्हायडर अॅरेत भरून रिड्यूसने गुंफण्याची युक्ती दिसायला नेटकी असते, पण अवलंबित्व तिच्यात लपून जातं. मी ती टाळतो.

प्रत्येक कॉन्टेक्स्टची (प्रोव्हायडर ज्यातून माहिती खाली पोचवतो त्या वाटेची) मूळ किंमत नल, म्हणजे ‘काहीच नाही’, ठेवा आणि वाचण्यासाठी स्वतःचा हुक (कंपोनंटमधून बोलवायचं फंक्शन) लिहा, जो नल मिळताच प्रोव्हायडरच्या नावासकट एरर फेकेल. मूळ किंमत फक्त वर कुठेच प्रोव्हायडर नसताना वापरली जाते. तिथे खरी वाटणारी किंमत ठेवली, तर विसरलेला प्रोव्हायडर गुपचूप खपून जातो.

आता व्हॅल्यू, म्हणजे प्रोव्हायडर खाली देतो ती किंमत, तपासा. तिथे जागेवरच ऑब्जेक्ट बनवलं असेल, तर प्रोव्हायडरच्या प्रत्येक रेंडरला ते नवं असतं, आणि तो कॉन्टेक्स्ट वाचणारा प्रत्येक कंपोनंट पुन्हा रेंडर होतो. वाचणाऱ्याला मेमोत (प्रॉप्स तेच असतील तर पुन्हा रेंडर टाळणाऱ्या वेष्टनात) गुंडाळून हे थांबत नाही. व्हॅल्यू यूजमेमोमध्ये ठेवा, आतली फंक्शन्स यूजकॉलबॅकमध्ये; हे दोन हुक गरज नसताना नवी प्रत बनू देत नाहीत. सतत बदलणारी स्टेट आणि ती बदलणारं फंक्शन, म्हणजे डिस्पॅच, यांचे दोन वेगळे कॉन्टेक्स्ट करा, म्हणजे नुसतं बटण दाखवणारा कंपोनंट स्टेट बदलली म्हणून हलणार नाही. प्रोव्हायडरने आतला भाग चिल्ड्रन म्हणून, म्हणजे बाहेरून दिलेला, घ्यावा. स्वतःची स्टेट बदलली तरी तो चिल्ड्रन तोच राहतो आणि न वाचणारे कंपोनंट शांत राहतात.

अटीवर येणारा-जाणारा प्रोव्हायडर दिसला तर थांबा. ‘लॉगिन असेल तर कार्टच्या प्रोव्हायडरमध्ये अॅप, नसेल तर नुसतं अॅप’ असं लिहिलं, की लॉगिन होताक्षणी त्या जागेवरचा प्रकार बदलतो, खालचं सगळं झाड उतरवून नव्याने चढवलं जातं आणि अर्धवट भरलेला फॉर्म रिकामा होतो. प्रोव्हायडर कायम ठेवा, लॉगिन नसताना व्हॅल्यूत रिकामं कार्ट द्या, नल नव्हे. आणि कार्ट फक्त खरेदीच्या पानांवर लागत असेल, तर त्याला मुळाशी आणूच नका. त्या पानांच्या लेआउटमध्ये बसवा.

सर्व्हर कंपोनंट (ब्राउझरमध्ये नाही, सर्व्हरवरच रेंडर होणारे) वापरत असाल, तर प्रोव्हायडरची फाइल ‘यूज क्लायंट’ने सुरू होते का ते पाहा. चिल्ड्रन म्हणून आत दिलेले सर्व्हर कंपोनंट सर्व्हरचेच राहतात. रिअॅक्ट 19 पासून कॉन्टेक्स्टच थेट टॅग म्हणून लिहिता येतो, शेवटी डॉट प्रोव्हायडर लागत नाही. जुन्या आवृत्तीवर असाल तर लागतो.

टेस्टसाठी हीच रचना एका रॅपरमध्ये काढा, पण क्वेरी क्लायंट दर टेस्टला नवा द्या, नाहीतर एका टेस्टची कॅश, म्हणजे साठवलेली माहिती, दुसरीत दिसेल.