गिटमध्ये नीट कमिट कसं करावं

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, आणि कमिट म्हणजे त्यातली एक नोंद. दिवसभराचं काम संध्याकाळी एकगठ्ठा कमिट करायचं आणि मेसेज टाकायचा ‘अपडेट’. त्या दिवशी काही अडत नाही. अडतं ते पुढे, त्यातला एकच बदल मागे घ्यायची वेळ आली की. ‘गिट रिव्हर्ट’ पूर्ण कमिट उलटवतं.

१. आधी ‘गिट स्टेटस’ (कोणत्या फाइल बदलल्या) आणि ‘गिट डिफ’ (त्यांत नेमकं काय बदललं) बघा. तपासणीसाठी टाकलेले प्रिंट तिथेच सापडतात. पासवर्डची फाइल दिसली तर ती गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत, घाला. पासवर्ड पुश झालाच असेल, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक सर्व्हरवर गेला असेल, तर नंतर पुसून काही होत नाही, जुन्या कमिटमध्ये तो राहतोच. सरळ बदलून टाका.

२. ‘गिट अ‍ॅड -पी’ वापरा. पुढच्या कमिटमध्ये काय जाणार ते याने तुकड्या-तुकड्याने निवडता येतं, म्हणजेच ‘स्टेज’ करता येतं. माझ्या मते सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी सोय हीच. समजा, बिलाच्या फाइलमध्ये तुम्ही जीएसटीचं राउंडिंग बदललंत आणि जाता जाता एका व्हेरिएबलचं नावही. गिट एकेक तुकडा दाखवून विचारतं. राउंडिंगला ‘वाय’ दाबा, नावाला ‘एन’. दोन्ही एकाच तुकड्यात आले तर ‘एस’ने तो फोडा, ओळी अगदी लागून असतील तर फुटत नाही, मग ‘ई’ दाबून हाताने निवडा. नाव बदलणं दुसऱ्या कमिटमध्ये. लिनस टॉरव्हाल्ड्सने २००५मध्ये ज्या लिनक्स कर्नलसाठी गिट लिहिलं, तिथेही एका पॅचमध्ये (पाठवलेल्या दुरुस्तीत) एकच बदल मागतात.

एक मेख आहे. टेस्ट चालतात त्या फोल्डरमधल्या सगळ्या कोडवर, फक्त स्टेज केलेल्यावर नाही. म्हणून ‘गिट स्टॅश --कीप-इंडेक्स’ने उरलेलं बाजूला ठेवून टेस्ट चालवा. कमिटनंतर ‘गिट स्टॅश पॉप’ने ते परत आणा.

३. मेसेजची पहिली ओळ साधारण ५० अक्षरांची, मग एक ओळ रिकामी, मग कारण. असं:

‘जीएसटी राउंडिंग फक्त एकूण रकमेवर

दर ओळीला राउंड केल्याने बिलाच्या बेरजेत काही पैशांचा फरक पडत होता.’

काय बदललं ते डिफमध्ये दिसतंच. का बदललं, ते सहा महिन्यांनी ‘गिट ब्लेम’ (कोणती ओळ कोणत्या कमिटमधून आली ते दाखवणारी कमांड) लावून बघणाऱ्याला इथेच कळणार.

४. मेसेज चुकला किंवा एखादी फाइल राहिली तर ‘गिट कमिट --अमेंड’. मात्र पुश करण्याआधीच! त्याने कमिटचा हॅश (त्याची ओळखखूण) बदलतो आणि ज्यांनी जुनं कमिट घेतलंय त्यांची पंचाईत होते. पुश झालं असेल तर दुरुस्तीचं नवं कमिट करा.