चिन्ह आधी, चेहरा नंतर : गावच्या निवडणुकीचा मोबाइलवरचा प्रचार

सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. निवडणूक लागली की दुकानात दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं, "ताई, फोटो जरा मोठा घ्या." उमेदवाराचा मोठा, वर नेत्यांचे सात, खाली शुभेच्छुकांचे वीस. मग चिन्हाला उरते ती कोपऱ्यातली बोटभर जागा. पूर्वी हे फ्लेक्सवर चालून जायचं, कारण फ्लेक्स दहा बाय आठ फुटांचा असायचा. आता तीच फाइल लोक व्हॉट्सॲपवर टाकतात. सहा इंचाच्या काचेवर अठ्ठावीस तोंडं! यंदा तुमच्या काकाचा, वहिनीचा किंवा मित्राचा मोबाइल सांभाळायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर माझ्या दुकानातून शिकलेल्या चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट चिन्हाची, आणि तिच्यावरच मी जास्त बोलणार आहे. आमच्या जिल्ह्याने 2024 च्या लोकसभेत याची किंमत पाहिली. राष्ट्रवादी फुटल्यावर शरद पवारांच्या पक्षाला 'तुतारी वाजवणारा माणूस' हे नवं चिन्ह मिळालं. निवडणूक अगदी तोंडावर आलेली. त्याच मतदान यंत्रावर एका अपक्षाला ट्रम्पेट मिळालं होतं, आणि त्याचं मराठी नावही तुतारीच होतं. साताऱ्यात पवारांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे 32,771 मतांनी हरले आणि त्या अपक्षाला 37,062 मतं पडली. ती सगळीच चुकून पडली असं कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण तिकडे दिंडोरीतही तशाच चिन्हावरच्या अपक्षाला लाखावर मतं गेली, आणि तिथे त्याचं आणि पवारांच्या पक्षाच्या उमेदवाराचं आडनावही एकच, भगरे. लोकांच्या कानावर 'तुतारी' हा शब्द गेला होता, डोळ्यांत चित्र बसलं नव्हतं.

म्हणून चिन्हाचं नाव लिहून थांबू नका, चित्र दाखवा. आणि यंत्रावर छापलं जाणार तसंच दाखवा : काळ्या रेघांचं, रंग न भरलेलं. डिझायनर पोरं हौसेने शिट्टीला सोनेरी चमक देतात, छत्रीला सात रंग देतात. मतदाराला आत गेल्यावर सात रंग दिसणार नाहीत. माझी कसोटी सोपी आहे. डिझाइन झालं की मोबाइल सासूबाईंच्या हातात देते, चष्म्याशिवाय. "ह्यात बटण कुठलं दाबायचं?" असं त्यांनी विचारलं तर डिझाइन परत.

ग्रामपंचायतीला तर आणखी गंमत. तिथे पक्षाचं चिन्ह नसतंच, पॅनेल असतं, आणि एकाच पॅनेलच्या उमेदवारांना कपबशी, पतंग, कपाट अशी वेगवेगळी चिन्हं मिळतात. तीही अर्ज माघारीची मुदत संपल्यावर. म्हणजे हातात मोजके दिवस. त्यामुळे आधीपासून तयार ठेवायचं ते बाकीचं सगळं : एक रंग, एक अक्षरवळण, पॅनेलचं नाव, उमेदवाराचा पांढऱ्या भिंतीसमोर काढलेला एकच फोटो. चिन्हाची जागा रिकामी सोडा. चिन्ह मिळालं की तासाभरात सगळ्या फाइली बाहेर पडल्या पाहिजेत. प्रत्येक वॉर्डाची नमुना मतपत्रिका वेगळी करा. जागेनुसार मतपत्रिकेचा रंग बदलतो, तोच रंग तुमच्या चित्रात घ्या. उमेदवाराचं नावही यंत्रावर येणार तसंच लिहा. गावात सगळे 'बापू' म्हणत असतील, पण आत बापू सापडला नाही तर मतदार गोंधळतो.

रंगाबद्दल इतकंच, की एक धरा आणि सोडू नका. 2024 च्या विधानसभेआधी अजित पवार गुलाबी जॅकेट घालून फिरू लागले तेव्हा आमच्या दुकानात किती विनोद झाले! पण लांबून गुलाबी दिसलं की पक्ष कळायचा. जागा 41 आल्या. त्या जॅकेटमुळे आल्या असं मी म्हणणार नाही, पण रंग लक्षात राहिला.

आता व्हॉट्सॲप. फेसबुकवर तुमच्या उमेदवाराला लाइक देणारा माणूस कदाचित दुसऱ्या तालुक्यातला असतो. व्हॉट्सॲपवरचा माणूस तुमच्या वाडीतला. ब्रॉडकास्ट यादीत 256 जणच बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. हे माहीत नसल्यामुळे एका उमेदवाराचा मुलगा आठवडाभर हवेत निरोप सोडत होता. त्यामुळे गणपती-दिवाळीच्या शुभेच्छांपासूनच "हा माझा नंबर, सेव्ह करून ठेवा" सुरू करा. घरोघरी फिरताना समोरच्याच्या मोबाइलमध्ये तिथल्या तिथे सेव्ह करून घ्या. न विचारता कोणाला ग्रुपात ओढू नका. माणूस ग्रुप सोडतो, आणि त्याची सूचना ॲडमिनला येते.

पुष्कळदा फॉरवर्ड झालेला निरोप एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येतो. त्यामुळे व्हायरल करायचं खूळ सोडा. वाडीवाडीतून एकेक माणूस धरा आणि त्याने स्वतःच्या आवाजात चाळीस सेकंदांचा निरोप करून आपल्या लोकांना पाठवावा. "आमच्या वस्तीच्या पाण्याच्या टाकीचं काय झालं ते सांगतो" हे ओळखीच्या आवाजात ऐकलं की लोक शेवटपर्यंत ऐकतात. गाणं लावलेला ड्रोनचा व्हिडिओ दोन सेकंदांत पुढे सरकवतात.

मुंबईकरांचा ग्रुप वेगळा ठेवा. आमच्याकडची निम्मी माथाडी मंडळी घणसोली, कोपरखैरणेत. त्यांना रोजचा प्रचार नको असतो, मतदानाची तारीख आणि केंद्र हवं असतं. इथे एक सावधगिरी. "गाडीची सोय आहे" असा मेसेज उत्साहात टाकू नका. मतदारांना केंद्रापर्यंत फुकट वाहनाने नेणं हा विधानसभा-लोकसभेच्या कायद्यात भ्रष्ट आचार आहे. मेसेज म्हणजे तुम्हीच तुमच्याविरुद्ध लिहून दिलेला पुरावा.

एक तांत्रिक डोकेदुखी. प्रेसमधली जुनी फाइल बहुतेक युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलला वाचता येणाऱ्या अक्षरांत, नसते. त्यातला मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर चिकटवला की 'विकास'चं भलतंच काहीतरी होतं. मजकूर सरळ मोबाइलच्या कीबोर्डवर टाइप करा. चित्र स्टेटससाठी उभं, ग्रुपसाठी चौकोनी. एका चित्रात बारा शब्दांपेक्षा जास्त नको.

व्हिडिओ किती लोकांनी पाहिला यावर जीव टाकू नका. 2019 च्या लोकसभेला राज ठाकरेंचं 'लाव रे तो व्हिडिओ' पोराटोरांच्या तोंडी होतं. मनसे स्वतः लढत नव्हती, आणि ज्यांच्याविरुद्ध ते बोलत होते त्या युतीने 48 पैकी 41 जागा घेतल्या. उलट त्याच वर्षी 18 ऑक्टोबरला साताऱ्यात शरद पवारांची पावसातली सभा झाली. मतदानाला तीन दिवस उरलेले. त्या रात्री माझ्या मोबाइलवर ती क्लिप नऊ ग्रुपांतून आली. पाऊस कोणी ठरवून आणला नव्हता, पण भिजत उभा राहिलेला माणूस उमेदवार निवडताना आपली चूक झाली असं म्हणत होता. साताऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत त्यांच्या पक्षाचे श्रीनिवास पाटील निवडून आले. त्यानंतर दोन वर्षं माझ्याकडे येणारा प्रत्येक उमेदवार "आपलाही पावसातला फोटो करता येईल का" विचारायचा. करता येतो. करू नका.

पैसे देऊन जाहिरात करायची असेल तर आधीच लागा. फेसबुक-इन्स्टाग्रामवर राजकीय जाहिरातीसाठी ओळख पटवावी लागते आणि पैसे कोणी दिले ते जाहिरातीवर दिसतं. मेटाच्या जाहिरात संग्रहात विरोधकही ते पाहू शकतात. तुम्हीही त्यांचं पाहा, फुकट आहे. विधानसभा-लोकसभेला अशा जाहिराती माध्यम प्रमाणन समितीकडून (एमसीएमसी) आधी प्रमाणित करून घ्याव्या लागतात, आणि व्हिडिओ करणाऱ्या पोराचा पगारसुद्धा उमेदवाराच्या खर्चात धरतात. स्थानिक निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तिचे आदेश वेगळे निघतात, ते निवडणूक अधिकाऱ्याकडून कागदावर घ्या. छापील पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव हवंच. विधानसभेला मी प्रकाशकाचं सहीचं निवेदन, त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षीसह, घेतल्याशिवाय मशीन सुरू करत नाही. काही जण रागावतात, रागावू देत.

लहान मुलांच्या हातात झेंडा देऊन रील काढू नका, जवानांचे फोटो वापरू नका. एआयने नेत्याचा आवाज करून "अमक्याला मत द्या" म्हणवणारे आता माझ्याकडेही येतात. मी करत नाही.

प्रचार संपायची वेळ झाली की आधी पाहायचं ते शेड्यूल करून ठेवलेल्या पोस्टकडे. उमेदवार झोपलेला असतो आणि त्याचं पेज रात्री बारा वाजता मत मागत असतं. ते बंद करा, चालू जाहिराती थांबवा, स्टेटस काढा, आणि ज्या कार्यकर्त्यांकडे पासवर्ड आहे त्या सगळ्यांना फोन करून सांगा. मग मोबाइल चार्जिंगला लावा. सकाळी सात वाजता पहिला फोन येणार तो "ताई, माझं नाव यादीत कुठल्या खोलीत आहे" हाच.