नेमबाजी शिकायला पुण्यात आलात तर

मी २०११ च्या जूनमध्ये अकोल्याहून पुण्यात आले. नोकरी शिवाजीनगरला, राहायला सिंहगड रोडला, कॉट बेसिसवर तिघींच्या खोलीत. बंदुकीशी माझा संबंध जत्रेत फुगे फोडण्यापुरता. पुढच्या वर्षी ऑफिसातल्या एका मैत्रिणीसोबत सहज रेंजवर गेले आणि अडकले ती अडकलेच. एअर पिस्तूल, म्हणजे हवेच्या दाबानं छर्रा मारणारं पिस्तूल चालवते, राज्य स्पर्धेपर्यंत जाऊन येते, त्यापुढे फारसं काही नाही. पण दर जून-जुलैत गावाकडून कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "ताई, पुण्यात शूटिंग शिकायचंय, कुठे जाऊ? आणि गन कोणती घेऊ?" प्रत्येकाला तेच सांगून थकले, म्हणून एकदाचं लिहून काढते.

गन कोणतीही घेऊ नका. निदान सहा महिने तरी नाही.

मी घेतली होती. तिसऱ्याच महिन्यात, सेकंड हँड, जर्मन बनावटीची, पगारातून साठवलेल्या पैशांची. विकणारा ओळखीचाच होता, "तुझ्यासाठी कमी केले" म्हणाला. घरी आणल्यावर कळलं की ग्रिप, म्हणजे मूठ, पुरुषाच्या मोठ्या हाताची आहे. माझं बोट ट्रिगरवर नीट पोचेना, पोचवायला गेले की मनगट वाकडं व्हायचं. मग सुताराकडची पुट्टी आणि कानस घेऊन मी ती ग्रिप कित्येक महिने भरत आणि घासत बसले. त्यावर कडी म्हणजे हवेचा सिलिंडर. त्यावर तारीख कोरलेली असते, साधारण दहा वर्षं वापरायचा आणि मग बदलायचा. माझ्या सिलिंडरवरची तारीख कधीच उलटून गेली होती. नव्या सिलिंडरचे पैसे वेगळे गेले. स्पर्धेचं नवं पिस्तूल लाखाच्या वरच जातं, त्यामुळे सेकंड हँडचा मोह होणारच. पण तुमचा हात केवढा, तुम्ही पिस्तूलवाले की रायफलवाले, हे ठरायच्या आधी पैसे घालू नका. बऱ्याच रेंजवर शिकाऊंसाठी क्लबची हत्यारं असतात. छर्रे तेवढे विकत घ्यावे लागतात.

आता रेंज कुठली? बालेवाडीचं नाव सगळ्यांना माहीत असतं. ते शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं, २००८ ला तिथेच राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. मी पुण्यात आले त्याच वर्षी नेमबाज गगन नारंगनं तिथे अकादमी सुरू केली होती आणि शिकणाऱ्यांच्या तोंडी तेच एक नाव होतं. ते सगळं खरं, पण तुम्ही हडपसरला राहणार असाल तर बालेवाडीला जाणं म्हणजे रोजचा प्रवासच. पुण्यात "जवळच आहे" या शब्दाला अर्थ नसतो, विशेषतः संध्याकाळी सहा ते नऊ. दहा मीटरची रेंज लहान जागेतही बसते. शाळेच्या हॉलमध्ये, गच्चीवरच्या पत्र्याखाली, सोसायटीच्या तळघरात अशा रेंजेस शहरभर आहेत. घर आणि ऑफिस यांच्या वाटेवर जी पडते ती बघा. आठवड्यातून चार दिवस एकेक तास मिळाला तर हात बसतो. रविवारी एकदम चार तास उभं राहून फक्त पाठ धरते.

बघायला जाल तेव्हा भिंतीवरचे फोटो आणि मेडलं बघत बसू नका. मारणारे जिथे उभे राहतात त्या लेनमागे कोण लक्ष ठेवून उभं आहे ते बघा. कुणी कागद बदलायला टार्गेटकडे चाललं असताना दुसऱ्यानं पिस्तुलाला हात लावला आणि कुणी ओरडलं नाही, तर चप्पल घालून सरळ घरी या. चांगल्या रेंजवर टेबलावर ठेवलेल्या प्रत्येक हत्याराच्या नळीतून भडक रंगाची दोरी आरपार घातलेली दिसेल. आत छर्रा नाही हे लांबूनही कळावं म्हणून ती असते. माझ्या पहिल्या सरांनी पहिले दोन दिवस मला फक्त हे शिकवलं: नळी टार्गेटकडेच, बोट ट्रिगरच्या बाहेर, "स्टॉप" म्हटलं की हात खाली. मला तेव्हा वैताग आला होता.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण आईवडिलांचा पहिला प्रश्न तोच असतो. ४.५ मिलिमीटर, म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअरचं आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीचं एअर पिस्तूल किंवा एअर रायफल असेल तर परवाना लागत नाही. घेताना ओळखपत्र मात्र द्यावं लागतं. पॉइंट टू टू आलं की ते खरंखुरं अग्निशस्त्र झालं. तिथे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम लागू होतात. पुणे शहरात परवान्याचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो. स्वप्नील कुसाळेला बघून येणारी बहुतेक मुलं इथेच गोंधळतात. तो राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, आपल्यासारखाच बाहेरगावचा. रेल्वेच्या नोकरीत राहून त्यानं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या ब्राँझनंतर महाराष्ट्रातल्या खेळाडूचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, ७२ वर्षांनी आलेलं. पण ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायच्या प्रकारात, पॉइंट टू टूच्या रायफलनं. तुम्ही सुरुवात दहा मीटरवर, हवेच्या हत्यारानं करणार. एनसीसीत पॉइंट टू टू मारून आलेल्यांनीही. उलट त्यांना जास्त वेळ लागतो, कारण तिथे पालथं पडून मारायची सवय झालेली असते आणि इथे उभं राहायचं असतं.

"स्वसंरक्षणासाठी शिकायचंय" म्हणणाऱ्यांना मी स्पष्टच सांगते, हे ते नव्हे. एका छर्‍यासाठी आम्ही मिनिटभर श्वास सांभाळत उभे असतो. चोर तेवढा थांबत नाही.

घरमालकांचं मात्र आधी मिटवा. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. खोलीत मी भिंतीकडे तोंड करून ड्राय करायचे, म्हणजे छर्रा न भरता पिस्तूल उचलायचं, नेम धरायचा, ट्रिगर दाबायचा. एकदा काकू पाण्याची वेळ सांगायला दार न वाजवता आत आल्या. समोर मी, हातात पिस्तूल. त्या काही बोलल्या नाहीत, जिना उतरून गेल्या. अर्ध्या तासात काका, शेजारचे दोघं आणि सोसायटीचे सेक्रेटरी असे चौघे दारात. पावती, क्लबचं ओळखपत्र, टार्गेटचे भोकं पडलेले कागद सगळं दाखवलं तरी महिनाअखेर खोली सोडायला सांगितली. तेव्हापासून भाडेकरार करतानाच पिस्तूल दाखवते, पोलीस व्हेरिफिकेशनच्या कागदांसोबत पावतीची झेरॉक्सही देऊन टाकते. पेटी कुलपात. बसमध्ये, रिक्षात ती उघडायची नाही, कुणी कौतुकानं विचारलं तरी नाही. आणि खोलीत पार्टनर असतील तर छर्रे आणि पिस्तूल वेगवेगळ्या जागी.

आता मुख्य गोष्ट. पिस्तूल एका हातानं धरायचं असतं, दुसरा हात खिशात. टार्गेटमधलं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, शर्टाच्या गुंडीएवढं. रायफलवाल्यांचं दहा तर अर्धा मिलिमीटर, नुसता ठिपका. समोर काळं गोल दिसतं आणि डोळा तिकडेच धावतो. मी वर्षभर तेच केलं, काळ्याकडे बघत मारलं आणि छर्रे पानभर पसरले. एका संध्याकाळी सरांनी टार्गेटचा कागद उलटा लावला. पांढरा, कोरा. म्हणाले, "मार." म्हटलं, कुठे मारू? "माशीकडे बघ आणि मार." माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो छोटा चौकोन. बघायला दुसरं काही नव्हतंच, म्हणून माशीकडे बघितलं. दहा छर्रे मारले, कागद आणला, तर सगळी भोकं पेल्याच्या तळाएवढ्या जागेत. वर्षभरात भोकं इतकी जवळजवळ पडली नव्हती. माशी स्वच्छ दिसली पाहिजे आणि काळं गोल धूसर. आणि नेम काळ्याच्या मधोमध धरायचा नाही, त्याच्या खालच्या पांढऱ्यात धरायचा, पिस्तूल तसंच सेट केलेलं असतं. हे कळायला सोपं आहे. हाताला आणि डोळ्याला पटायला वर्ष-दोन वर्षं जातात.

त्याआधी तुमचा डॉमिनंट डोळा, म्हणजे नेम धरताना ज्याचं चालतं तो, कोणता ते तपासून घ्या. दोन्ही हात लांब करून पंज्यांमध्ये छोटी फट ठेवा, त्यातून लांबचं काहीतरी बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं ती वस्तू फटीत राहते तो तुमचा. उजव्या हाताचे पण डाव्या डोळ्याचे लोक खूप निघतात. घाबरू नका, डोळ्यापुढे पट्टी लावून काम चालतं, पण कोचला पहिल्या दिवशी सांगा.

स्पर्धांचं पुढे बघता येईल. क्लबचं सदस्यत्व, जिल्हा, राज्य, मग मावळणकर स्पर्धा, मग नॅशनल, अशी ढोबळ चढण आहे. हे नाव लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर यांचं. राष्ट्रीय रायफल असोसिएशनचे पहिले अध्यक्षही तेच. रेंजवरची मुलं "मावळणकर क्वालिफाय झाला का" विचारतात तेव्हा माणूस कोण हे निम्म्यांना माहीत नसतं.

एक खास पुणेरी सूचना. जुलै लागला की ऑफिसातलं कुणीतरी तुम्हाला ढोल पथकात ओढेल. जा, मजा असते, मीही दोन वर्षं वाजवला. पण कमरेला ढोल बांधून दोन तास वाजवल्यावर दुसऱ्या दिवशी पिस्तूल उचललं की माशी नुसती नाचते. विसर्जनापर्यंत स्कोअर वहीत लिहायचाच नाही, असं आमच्या रेंजवर ठरलेलं आहे. खंडेनवमीला सगळी हत्यारं पुसून, झेंडू वाहून पूजा होते, आणि तिथून आमचा सीझन पुन्हा सुरू होतो.

पहिल्या दिवशी येताना सपाट तळाचे बूट घाला, उंच सोलचे स्पोर्ट्स शूज नकोत. चहा-कॉफी पिऊन येऊ नका, हात थरथरतो. उपाशीही येऊ नका. एक छोटी वही आणा. छर्रे शिशाचे असतात, तोंडात धरायचे नाहीत, आणि बाहेर पडल्यावर गाडीवरच्या वडापावला हात घालायच्या आधी ते हात साबणानं धुवायचे. रेंजच्या बेसिनवर साबण नसेल तर मागा.