सूट झाला, आता बूट

पहिल्या मुलाखतीसाठी सूट शिवला तेव्हा माझा सगळा जीव त्या सुटात अडकला होता. कापड, अस्तर, बाह्यांची लांबी, सगळं तीनतीनदा पाहिलं. बूट मात्र आदल्या संध्याकाळी घाईघाईत घेतले. काळे, चकचकीत, नेहमीच्याच नंबरचे. चवड्यावर आवळत होते, पण विक्रेता म्हणाला, "दोन दिवसांत सैल होतील," आणि मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी दोन तास ताटकळल्यावर आत बोलावणं आलं, तोवर बुटांनी डावी टाच चावून फोड आणला होता आणि करंगळी ठणकत होती. पहिल्याच प्रश्नाचं उत्तर मला येत होतं, पण ते धड सांगता आलं नाही. म्हणून पहिल्यांदाच सूट घेणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो: बूट निदान पंधरा दिवस आधी घ्या.

आणि पँटची उंची पक्की करण्याआधी घ्या. अशा बुटांची टाच इंचभर तरी उंच असते. चपलेवर माप दिलं तर पँट नंतर आखूड दिसते. टेलरकडे उंचीचं माप द्यायला जाताना नवे बूट सोबत न्या आणि घालूनच उभे राहा.

रंगात फार गुंतू नका. काळा बूट काळ्या, गडद राखाडी आणि नेव्ही ब्लू सुटावर चालतो. गडद तपकिरी नेव्ही आणि राखाडीवर शोभतो, काळ्या सुटावर नाही. एकच जोड घ्यायचा असेल तर माझं मत काळ्यालाच. पट्टा त्याच रंगाचा हवा. सुटाच्या कापडाची चिंधी टेलरकडून मागून घ्या आणि बुटाशेजारी धरून उजेडात बघा. दुकानातल्या दिव्यांखाली नेव्ही सर्रास काळा वाटतो.

प्रकार मुख्यतः दोन: ऑक्सफर्ड आणि डर्बी. लेस ओवायच्या दोन्ही पट्ट्या खालून, बुटाच्या पुढच्या चामड्याच्या आत शिवलेल्या असतील तर तो ऑक्सफर्ड. त्याच पट्ट्या वरून शिवलेल्या आणि मोकळ्या उघडणाऱ्या असतील तर डर्बी. ऑक्सफर्ड जास्त औपचारिक मानतात, म्हणून मीही त्याच्याच मागे होतो. पण माझा पाय वरून उंच आहे. लेस कितीही ओढली तरी पट्ट्यांमध्ये रुंद 'व्ही' उरायचा आणि पायावर वळ उठायचे. डर्बी घातला आणि पाय सुटल्यासारखं वाटलं. मुलाखतीला साधा, नक्षीची भोकं नसलेला डर्बी अगदी योग्य आहे. उलट, नव्या ऑक्सफर्डच्या पट्ट्या लेस बांधताच पूर्ण चिकटत असतील तर बूट पायाला सैल आहे. चामडं ताणल्यावर तो आणखी सैल होईल.

आता मापाचं, कारण खरी चूक इथेच होते. ब्रिटिश मापात एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपीय मापात तो सुमारे पावणेसात मिलिमीटर. पुरुषांच्या बुटांत अमेरिकी आकडा ब्रिटिश आकड्यापेक्षा साधारण एकाने जास्त असतो. त्यात प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा. तेव्हा आकडा फक्त सुरुवातीसाठी. संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. मुलाखतीला घालणार तेच मोजे घाला. दोन्ही पाय उभ्याने मोजा आणि मोठ्या पायाचं माप धरा.

बूट घालून चवड्यांवर उभे राहा आणि चामड्याला घडी कुठे पडते ते पाहा. पाय वाकतो तिथेच, अंगठ्याच्या मुळाशी, बूट वाकला पाहिजे. घडी पुढे-मागे पडत असेल तर लांबी बरोबर असूनही तो बूट तुमचा नाही. चामडं रुंदीत थोडं सैलावतं, लांबीत नाही. त्यामुळे बोटं टोकाला टेकत असतील तर जोड तिथेच परत करा. नव्या बुटात टाच किंचित उचलली जाते, ते मात्र चालतं.

घरी आणल्यावर रोज तासभर घालून फिरा. तळ चामड्याचा असेल तर गुळगुळीत फरशीवर घसरतो, त्याला सँडपेपर हलकेच घासून घ्या. आणि जुना जोड काढणार असाल तर आठवडाभर आधी घालून चालून बघा. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा सोल हवेतल्या ओलाव्याने खोक्यात पडल्यापडल्याच कुजतो. माझ्या एका मित्राचा दोन वर्षं जपून ठेवलेला बूट जिन्यातच भुगा होऊन सुटला होता.

शेवटी मोजे. पँटच्या रंगाचे आणि पोटरीपर्यंत येणारे घ्या. पूर्ण पोशाख चढवून आरशासमोर नुसते उभे राहू नका, खुर्चीत बसा. पँट वर सरकल्यावर पायाची कातडी दिसत असेल तर मोजे अजून लांब हवेत.