विभाग बदलला तरी महिन्याचं धान्य चुकू नये: सोलापुरात करायची तयारी

सरकारी अन्नयोजना एका छताखाली नाहीत. रेशन अन्न व नागरी पुरवठा विभागाकडे, अंगणवाडीतला आहार महिला व बालविकासकडे, शाळेतली खिचडी शालेय शिक्षणाकडे. यातली एखादी योजना उद्या दुसऱ्या विभागाकडे सोपवली, तर मंत्रालयात फक्त फाईल हलेल. पण त्याची झळ सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बाईला बसेल. म्हणून तयारी आधीच हवी.

आधी मूळ शासन निर्णय मिळवा; व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निरोपावर विसंबू नका. निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर मिळतो. अंमल कोणत्या तारखेपासून आणि जिल्ह्यात जबाबदार अधिकारी कोण, हे सगळेच बघतात. लेखाशीर्ष, म्हणजे पैसा अर्थसंकल्पातल्या कोणत्या शीर्षाखाली खर्च होणार, ते मात्र कुणी बघत नाही, आणि माझ्या मते खरा घोळ तिथेच होतो. काम नव्या विभागाकडे आणि पैशाची तरतूद जुन्याच्या अर्थसंकल्पी मागणीत, अशी स्थिती राहिली की आहरण व संवितरण अधिकारी (सरकारी पैसा काढून वाटणारा) कोण हे ठरेपर्यंत देयकं कोषागारात अडकू शकतात. आहार पुरवणाऱ्या बचत गटाची उधारी किराणा दुकानदार किती दिवस सोसणार? तेव्हा गटांनी झालेल्या कामाची सगळी बिलं बदलाच्या तारखेआधी जुन्या कार्यालयात द्यावीत आणि प्रत्येकावर शिक्क्यासह पोच घ्यावी.

रेशन कार्डाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स काढा, बारा अंकी क्रमांक वेगळा लिहून ठेवा, घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) झाली का ते दुकानात विचारा. वर्षानुवर्षं विड्या वळून अनेक बायकांची बोटं गुळगुळीत झालेली असतात. दुकानातल्या पॉस मशीनवर (ठसा घेऊन धान्य नोंदवणारं यंत्र) अंगठा तीन-तीनदा दाबूनही ठसा उमटत नाही. अशांची वस्तीनिहाय यादी आत्ताच करा, आधार केंद्रात ठसे अद्ययावत करून घ्या आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर लेखी अर्ज द्या. हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

प्रलंबित तक्रारींची प्रत जुन्या आणि नव्या अशा दोन्ही कार्यालयांत द्या. रेशनसाठी शहरात अन्नधान्य वितरण अधिकारी, तालुक्यात तहसीलचा पुरवठा विभाग. 1967 हा हेल्पलाइन क्रमांक दुकानाच्या फलकावर आहे का, तेही पाहा.

‘अजून वरून आदेश नाही’ असं उत्तर मिळालं तर गप्प बसू नका. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 हा संसदेचा आहे. अंत्योदय (सर्वांत गरीब कुटुंबांच्या) कार्डाला महिन्याला 35 किलो आणि प्राधान्य कुटुंबात माणशी 5 किलो हा हक्क राज्यातला विभाग बदलल्याने कमी होत नाही. गरोदर बाई, स्तनदा माता आणि मुलांचा आहारही याच कायद्यात आहे. धान्य मिळालंच नाही तर अन्न सुरक्षा भत्त्याची, म्हणजे धान्याऐवजी पैसे देण्याची, तरतूद आहे. अर्जात तिचा उल्लेख करा.

वस्तीत सूचना लावाल ती मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही लावा. बदलानंतरच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक घराची पावती तपासा: किलो किती, तारीख कोणती.